पूनमचं दुपारचं भजन

धामणगाव बढ्यात कृषी केंद्र चालवणाऱ्या सागरला सगळे हुशार समजतात, आणि त्यात पहिला नंबर त्याचा स्वतःचा. बियाण्याच्या पिशवीवरचं बारीक छापलेलं तो चष्म्याशिवाय वाचतो. पंपाला औषध किती टाकायचं ते तोंडपाठ सांगतो. दोन आकड्यांची बेरीज आली की मात्र खिशातून मोबाइल काढतो. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई. सुलभाबाई म्हटलं की गावातली निम्मी माणसं अजून हात मागे बांधून उभी राहतात. सागर बाहेरून शिकून आलेला, माझ्या हाताखालून गेला नाही. हे त्याचं नशीब, आणि खरं तर माझंही.

ही गोष्ट त्याची नाही. त्याला तसं वाटेल, कारण गावातल्या सगळ्याच गोष्टी त्याला आपल्या वाटतात. ही त्याच्या बायकोची, पूनमची.

पूनम रोहिणखेडची. दहावीला सगळ्या विषयांत पास, गणितात गेली. पुन्हा बसायच्या आधी स्थळ आलं. सागरला हे लग्नानंतर कळलं आणि त्याला जन्मभराचं भांडवल मिळालं. दूध उतू गेलं, गणित. बस चुकली, गणित. भाजीत मीठ जास्त पडलं तर म्हणायचा, "गणितातच नापास बाई, मोजमाप कुठून येईन?" पाहुण्यांसमोर म्हणायचा, त्यामुळे पाहुणेही हसायचे. पूनम पण हसायची. हसणाऱ्यात आपणही हसलं की लोक लवकर दुसऱ्या विषयावर जातात, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

त्यांची मुलगी डिंपल तिसरीत. दिवाळीआधी शाळेत पालकसभा झाली. पालकांनी मुलांच्या गणिताच्या अभ्यासात रस घ्यावा, असं सरांनी सांगितलं. सागर पहिल्या रांगेत बसला होता. त्यानं मान डोलावली आणि त्याच दिवसापासून रस घ्यायला सुरुवात केली. म्हणजे दुकानातून फोन करून विचारायचं, "झाला का होमवर्क?" डिंपल म्हणायची, हाव, झाला. संपला रस. वर त्यानं मोबाइलात एक ॲप घेतलं. त्यात एक हत्ती होता. उत्तर बरोबर आलं तरी टाळ्या वाजवायचा आणि चुकलं तरी वाजवायचा. असा शिक्षक मला पस्तीस वर्षांत बघायला मिळाला नव्हता.

सहामाहीला डिंपलचं गणित गडगडलं. वजाबाक्या सगळ्या चूक. सागरनं जेवता जेवता निकाल दिला. "वार्षिकले सुधरली नाही तं जूनपासून बुलढाण्याले होस्टेलले टाकतो. घरी तिले शिकवनारं कोन आहे?"

पूनम समोर पोळी वाढत होती. तिच्याकडे बघून तो हे म्हणाला नाही. बघायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. हातात वाटी, वाटीत लोणचं, आणि तिसरीचं पुस्तक पदराखाली. लोणचं द्यायला म्हणून आली आणि अर्धा तास उन्हाळी पापडांवर बोलली, तेही ऐन थंडीत. शेवटी मीच म्हटलं, "काय वं पूनम, पुस्तक काढ की आता."

तिला रडू फुटलं. "बाई, माही पोरगी होस्टेलले जाईन. आठ वर्षाची आहे. अजून वेनी घालता येत नाही तिले."

मी म्हटलं, रडून वजाबाकी येत नसते. बावन्नातून सत्तावीस काढून दाखव.

तिनं काढलं. उत्तर आलं पस्तीस. डिंपलच्या वहीतही अशीच उत्तरं होती, सगळी दहानं जास्त. मला वाटलं, मोठ्या अंकातून लहान अंक काढायची पोरांची नेहमीची खोड असेल. म्हणून विचारलं, कसं केलंस ते बोलून दाखव.

ती बोलू लागली. "दोनातून सात जात नाही. म्हनून पाचापासून एक उसना घेतला. बारातून सात गेले, पाच. इकडे चारातून दोन गेले, दोन. आन् मंग उसना घेतलेला एक परत देला. तीन झाले. पस्तीस."

मी तिच्याकडे बघतच राहिले. अख्खी रीत बरोबर. शेवटी फक्त ती घेतलेलं परत करत होती. तिच्या माहेरी उसन्या साखरेची वाटी कधी रिकामी परत गेली नाही. उसनं घ्यायचं आणि द्यायचंच नाही, हे तिच्या डोक्यात कुठून बसणार? शाळेत तिला कुणी विचारलंच नव्हतं की बाई, तू हे कसं करतेस. लाल फुली मारली आणि पुढच्या बाकावर गेले. ती दहावीपर्यंत प्रामाणिकपणे परत देत राहिली आणि प्रामाणिकपणे नापास झाली. आता तेच मुलीला शिकवत होती.

मी खराट्याच्या काड्या काढल्या. दहा-दहाच्या पाच जुड्या दोऱ्यानं बांधल्या, दोन काड्या सुट्या ठेवल्या. म्हटलं, यातून सत्तावीस मला दे. तिनं दोन जुड्या दिल्या, दोन सुट्या दिल्या आणि थांबली. अजून पाच काड्या हव्या होत्या. जरा वेळ बघत बसली, मग एक जुडी उचलून तिचा दोरा सोडला. पाच काड्या मला दिल्या. उरलेल्या मोजल्या. दोन जुड्या आणि पाच सुट्या.

"मंग हे उसनं नाहीच, बाई," ती म्हणाली. "आपलीच जुडी सोडली आपन. परत कोनाले द्यायचं?"

"कोणालाच नाही."

त्यावर ती हसली आणि लगेच चिडली. इतकी वर्षं मला मूर्ख म्हणत होते, असं तिच्या तोंडून निघालं.  चिडायला तिला पूर्ण हक्क होता.

तेव्हापासून ती रोज दुपारी यायला लागली. पहिल्याच दिवशी मी तिला एक नियम घालून दिला. पोरीचं गणित आपण सोडवून द्यायचं नाही. तिच्या ताटातलं जेवण आपण जेवलो तर पोट आपलं भरतं. चुकली तरी ओरडायचं नाही, फक्त म्हणायचं, कसं केलं ते सांग. सांगता सांगता पोरं स्वतःच अडतात आणि स्वतःच सुटतात.

पूनमनं हे दोन मैत्रिणींना सांगितलं आणि कुणाला सांगू नका म्हणून शपथ घातली. त्यामुळे आठवड्याभरात तिला धरून पाच जणी झाल्या. सगळ्यांची पोरं दुसरी-तिसरीत. सगळ्यांच्या घरी एकेक हुशार नवरा. शिकवणीला जाते असं घरी सांगायची कुणाचीच छाती नव्हती. बायकोनं तिसरीचं पुस्तक घेऊन शिकवणीला जायचं म्हणजे नवऱ्याची लाज जाते म्हणे. आता ती नेमकी कुठं ठेवलेली असते की जाते, हे मला विचारू नका.

त्यात एक गंमत झाली. पाढे पाठ करताना बाया तालात म्हणायच्या, आणि तालात म्हटलं की मान आपोआप डोलते. माझ्या ओसरीवरून जाणाऱ्या कुणीतरी ते लांबून ऐकलं आणि सागरच्या दुकानात जाऊन सांगितलं, "तुमच्या घरच्या बाई भजनात जाऊन राह्यल्या वाटते." सागर खूश. घरी येऊन पूनमला म्हणाला, "हे बरं केलं. गनित तं काही जमलं नाही, देवाचं तरी जमवा."

पूनमनं खाली मान घातली आणि दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, उत्तम. आता आपण भजनी मंडळ. दोन टाळजोड्या आणून दारापाशी ठेवल्या. कुणी फाटकाशी आलं की टाळ वाजवायचे. एवढी भक्ती आमच्या गल्लीत कधी नव्हती.

अडचण एकच आली, कौशल्याबाई. सत्तरीच्या, विधवा, आणि खरोखरच्या भजनवाल्या. मंडळ निघालं असं ऐकून स्वतःचे टाळ घेऊन आल्या आणि मांडी घालून बसल्या. त्यांना घालवायचं कसं? खरं सांगावं लागलं. त्या टाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "मले पन जुडी सोडून दाखवा." तेव्हापासून त्या एक दिवस चुकल्या नाहीत. हातच्याच्या वजाबाक्या करायला लागल्या आणि नातवाला बोलावून बोलावून दाखवायला लागल्या. नातू त्यांना चुकवून गल्ली बदलून जायचा.

तिकडे पूनमच्या घरी संध्याकाळचा अभ्यास सुरू झाला. मी एकदा गेले तेव्हा बघितलं. मायलेकी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दाण्यांचे दहा-दहाचे ढीग. डिंपलनं काहीतरी चुकवलं. पूनमनं दुरुस्त केलं नाही. म्हणाली, "कसं केलं, सांग बरं मले." पोरगी सांगू लागली, मध्येच थांबली, "थांब थांब मम्मी" म्हणाली आणि ढीग पुन्हा मांडला.

सागर खुर्चीत मोबाइल बघत होता. त्यानं मान वर केली आणि मला म्हणाला, "पाहा बाई, हिले सोताले येत नाही म्हनून हे पोरीलेच विचारून राह्यली." वर हसला. मी त्याला एक जळजळीत उत्तर देणार होते, पण पूनमनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. पोरगी घरी ठेवायची होती. मी चहा प्यायले आणि गप्प बसले. माझ्या तब्येतीला ते चांगलं नसतं.

चैत्रात मारुतीच्या देवळापाशी सप्ताह बसला. सागर समितीत. त्यानं आम्हाला न विचारता महिला भजनी मंडळाचं नाव दुपारच्या कार्यक्रमात घालून टाकलं आणि घरी येऊन मोठ्या मनानं सांगितलं. पूनम धावत माझ्याकडे आली.  मंडळातल्या कुणालाच एक भजन धड येत नव्हतं. नव्वदापर्यंतच्या वजाबाक्या मात्र कुठूनही विचारा.

कौशल्याबाई म्हणाल्या, घाबरू नका, मी म्हनते, तुम्ही मांगून म्हना. आठवडाभर आम्ही एकच अभंग घोटला. गणितापेक्षा तो अवघड गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव भरलेला. समोर समितीची माणसं, बाजूला कीर्तनकार महाराज खुर्चीत. सागर महाराजांच्या शेजारी उभा, पांढरा सदरा, कपाळाला बुक्का. आमच्या पाच जणी, कौशल्याबाई मध्ये, पूनमच्या पुढे दुसरा माइक. सुरुवात चांगली झाली. दुसऱ्या कडव्यापाशी कौशल्याबाईंना ठसका लागला. टाळ चालूच होते. हा ताल पूनमच्या अंगात महिनोन्‌महिने एकाच कामासाठी बसलेला. तिचे डोळे मिटलेले. माइकमध्ये स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "सात अठ्ठे छप्पन्न."

आणि मागच्या चौघींनी, तयारीच अशी पक्की, एका सुरात साथ दिली, "सात नवे त्रेसष्ट."

मांडवातल्या डोलणाऱ्या माना थांबल्या. पूनमनं डोळे उघडले. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते की आता उठून कशी जाऊ.

महाराजांनी हात वर केला, माइक मागितला. म्हणाले, "माउलींनी केवढं मोठं सांगितलं बघा. सप्ताहाचे दिवस किती? सात. दिवसाचे प्रहर किती? आठ. सात अठ्ठे छप्पन्न. छप्पन्न प्रहर नाम चाललं आणि देवाला छप्पन्न भोग पोचले." लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. त्रेसष्टचं काय, ते महाराजांनी शिताफीनं सोडून दिलं. जाताना सागरला म्हणाले, "तुमच्या घरात अधिकारी बाई आहे." सागर असा काही फुलला की जणू अधिकार त्यानंच मिळवून दिला होता. बायकोच्या तोंडून साताचा पाढा बिनचूक आला, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नाही. त्यालाही तो येत असता तर आलं असतं.

नंतर परीक्षा झाल्या. एक मेला निकाल लागला. डिंपलला गणितात सगळ्यात वरची श्रेणी. सरांनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. पूनम शाळेच्या आवारात उभी होती, मीही होते. तिनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. पोरगी वाचली, एवढंच ती पुटपुटत होती.

सागरनं दुकानावर पेढे वाटले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की ॲप चांगलं घेतलं म्हणून फरक पडला. हत्तीचा फोटोही दाखवत होता. आणि संध्याकाळी घरी येऊन त्यानं दुसरा निकाल दिला. "होस्टेलचं नक्की करून टाकतो. एवढं डोकं असलेली पोरगी या गावात काऊन सडवायची? घरी तिले शिकवनारं कोन आहे?"

नापास झाली तर बुलढाणा आणि पहिली आली तरी बुलढाणा. असं गणित फक्त हुशार माणसालाच सुचतं.

त्या वेळी पूनम जन्मात पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहून बोलली. म्हणाली, "मी आहे. मीच शिकवलं तिले. दिवाळीपासून रोज शिकवून राह्यली."

सागर हसला. साधा नाही, पोट धरून हसला. "तू?" म्हणाला. "दहावीले गनितात गेलेली तू?" पूनम म्हणाली, विचारा मले कोनतंही. त्यानं विचारलं नाही. विचारायचं तर उत्तर त्यालाही माहीत असावं लागतं. डिंपल मध्ये पडली, मम्मीनंच शिकवलं म्हणाली. तर सागर म्हणे, मायची बाजू घेऊन राह्यली पोरगी, लहान आहे अजून. आणि होस्टेलवाल्यांना फोन लावायला मोबाइल शोधू लागला.

हे सगळं पूनमनं मला दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं. बाकीच्या बाया आल्या नव्हत्या, सुट्टी लागली होती. माझं डोकं भणाणलं. म्हटलं, चल, मी येते, आज त्याला फळ्यापुढे उभा करते आणि वजाबाकीच देते.

"नको बाई," ती म्हणाली. "झालं ते."

"काय झालं?"

"मंग मी त्याइले म्हनलं, सप्ताहात महाराजानं मले बाजूले बोलावून सांगतलं होतं. पोरीले मंडळात बसवा, बारा वर्षाची होईपर्यंत घराबाहेर धाडू नका म्हने."

"महाराज असं म्हणाले?"

"नाही."

 ती ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. सागरनं ते ऐकल्याबरोबर फोन खाली ठेवला होता. चप्पल काढली, देवळाच्या दिशेनं वळून हात जोडले, आणि म्हणाला, महाराजाचा शब्द म्हंजे झालंच. आधी काऊन नाही सांगतलं? डिंपलचं नाव गावातल्याच शाळेत चौथीला राहिलं. एका मिनिटाचं काम.

तो हसला तेव्हा पूनम रडली नव्हती. आता रडत होती. मी म्हटलं, अगं पोरगी राहिली ना घरी, आता कशाला रडतेस?

"राह्यली," ती म्हणाली. "पन मी खरं सांगतलं तं हासले, बाई. खोटं सांगतलं तं हात जोडले."

मी तिला पाणी आणून दिलं.  राग मात्र असा आला की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

डिंपल घरी आहे, चौथीत भागाकार करते. सागर दुकानावर गिऱ्हाइकांना अजून सांगतो की पोरगी ॲपमुळे हुशार झाली आणि महाराजांच्या कृपेनं गावात राहिली. पूनम डबा घेऊन गेलेली असते, तेव्हा ती हे सगळं शेजारी उभी राहून ऐकते. डबा ठेवते, आणि काही न बोलता परत येते, कारण बोलली तर पोरगी जाईल.